मजकूर आणि मनसूर
(पुण्यात झालेल्या युवा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'इतिहास आणि आपण' असा विषय छापला आहे. तो वाचून मीच दचकलो. मी इंजिनिअरिंग केलेला माणूस आहे. गेली बारा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. बारावीनंतर इतिहासाचं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. तेव्हा इतिहासावर नाही, इतिहास वाचून देणारा माणूस शोधण्यावर बोलतो. हे काम मी दोनदा केलं, दोन्ही वेळा पैसे मोजले. पहिल्यांदा फसलो. दुसऱ्यांदा मीच समोरच्याला फसवायला निघालो होतो. दोन्ही गोष्टी सांगणार आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावाच्या वेशीवर एका पीराचं ठाणं आहे आणि आमचं घराणं तिथलं मुजावर. आजोबा गेले 2019 साली. त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले 23 कागद निघाले. सगळे मोडीत. एकावर वरच्या बाजूला फारसी शिक्का. मी फोटो काढून ठेवले, फडकं परत बांधलं आणि विसरलो.

आठवण आली ती रस्त्यामुळे. रस्ता रुंदीकरणात पीराजवळच्या शेताची एक पट्टी गेली आणि मोबदल्याची नोटीस आली. सातबाऱ्यावर आमच्या घराचं नाव. बडे अब्बा, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "हे इनाम आपल्या बापजाद्यांना मिळालंय. मोबदला आपला." गावातल्या जमातीतले लोक म्हणाले, "इनाम पीराचं आहे. तुम्ही सेवेकरी. वक्फच्या जमिनीचा मुजावर मालक नसतो." दोन्ही बाजू मोठ्या आवाजात बोलत होत्या. ट्रंकेतले कागद मात्र दोघांपैकी कुणालाच वाचता येत नव्हते. घरात इंजिनिअर एकटा मी. त्यामुळे "बेटा, कागज पढवा ले" हे काम माझ्यावर आलं.

मी काय केलं असेल? तुम्ही जे कराल तेच. आधी फोटो मशीनला दिले, म्हणजे हल्ली ज्याला आपण सगळं विचारतो त्याला. त्याने एका मिनिटात सुरेख मराठीत एक पत्र लिहून दिलं. तोच फोटो दुसऱ्या दिवशी दिला तर दुसरंच पत्र आलं, तेही तितक्याच आत्मविश्वासाने. एका इनपुटला रोज वेगळं आउटपुट म्हटल्यावर मी ते तिथेच सोडलं.

मग नेटवर एक गृहस्थ सापडले. कुलवृत्तांत, वंशावळ, ऐतिहासिक संशोधन, सगळं करून मिळेल. बोलणं गोड. मी फक्त दोन प्रश्न विचारले: किती पैसे आणि किती दिवस? 18,000 रुपये आणि दहा दिवस. नवव्या दिवशी कुरिअरने फाइल आली. चकचकीत कागद, सोनेरी किनार, रंगीत वंशवृक्ष. त्यानुसार आमचे मूळपुरुष सरदार मनसूर. ते विजापूर दरबारातले, 1672 साली आदिलशाहीकडून वतन घेऊन वाई प्रांतात आलेले. त्यांच्याखाली नऊ पिढ्या, सगळे पुरुष. शेवटच्या फांदीवर माझं आणि माझ्या चुलतभावांचं नाव. बहिणींचं नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बडे अब्बांनी वंशवृक्षाला फ्रेम करून घेतली. तेवढ्यावर न थांबता शिक्क्याचा मूळ कागद त्यांनी लॅमिनेट केला. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

त्या फ्रेमने घरात काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याला लहानपणापासून विचारलं जातं, "तुम्ही मूळचे कुठले?" शाळेत, कंपनीत, भाड्याचं घर बघताना. याला आपण दोन प्रकारची उत्तरं तयार ठेवलेली असतात. एक म्हणजे आम्ही बाहेरून आलेले खानदानी, अरबस्तान, इराण, निदान विजापूर. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी: शिवाजी महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते. हा टक्का दर वर्षी वाढतो. काझी हैदर, आरमारातला दौलतखान, नूरखान बेग, सिद्दी हिलाल ही नावं इतिहासात खरीच आहेत, त्यांना टक्केवारीच्या टेकूची गरज नाही. पण टक्के मोजले कुणी, कोणत्या हजेरीपटावरून, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला आवडणारं आहे. माझ्या 18,000 रुपयांचंही तेच झालं. विजापूरचा सरदार मिळाल्यावर 'कशावरून?' असं कोण विचारणार?

मला शंका आली ती इतिहासाच्या नाही, माझ्या धंद्याच्या सवयीने. फाइलमध्ये निष्कर्ष होता, पण मधलं काहीच नव्हतं. 23 कागदांपैकी एकाचंही लिप्यंतर नव्हतं. कोणत्या ओळीवरून 1672 आलं? कोणत्या कागदात मनसूर आहे? मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "सर, ते टेक्निकल असतं, तुम्हाला कळणार नाही." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टेक्निकल म्हणून गप्प केलं. एरवी हे काम मी करतो.

दुसरा माणूस शोधायला चार महिने लागले आणि तो नेटवर सापडला नाही. पुण्यात तुम्हा सगळ्यांना माहीत असलेल्या दोन जागा आहेत. एक भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 साली स्थापन केलेलं. दुसरी पुणे पुराभिलेखागार, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो. तिथे कापडात बांधलेले कागदांचे रुमाल हजारोंच्या संख्येने आहेत, बहुतेक मोडीत. सरदेसायांनी 1930च्या दशकात त्यातून निवडून 45 खंड छापले, तेही त्या साठ्याच्या मानाने मूठभर. इंग्रजांच्या इनाम कमिशनने जमा केलेले कागदही तिथेच आहेत. 1852च्या कायद्याने त्या कमिशनला अधिकार मिळाले आणि इनाम खाणाऱ्या घरांना 'तुमचा हक्क कशावरून?' असा प्रश्न आला. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या घराला बरोबर माझाच प्रश्न विचारला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी तिथे जायला लागलो. अर्ज, ओळखपत्र, विषय लिहून दिला आणि वाचनकक्षात बसलो. मला वाचता काहीच येत नव्हतं. पण कोण रोज येतं, कोण रुमाल हळू सोडतं, कोण वहीत रुमालाचा क्रमांक आधी लिहितं आणि मग वाचतं, हे बघता येत होतं. मोडीच्या वर्गात शिकवणाऱ्या एका वयस्क सरांना विचारलं. ते म्हणाले, "तीन माणसं सांगतो. दोन पटकन देतील. तिसऱ्या बाई वेळ लावतात." मी तिसऱ्या बाईंचा नंबर घेतला.

त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पन्नाशीच्या आहेत. इतिहासात पीएच.डी. आहे आणि अजून कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतात. (आपल्याकडे पीएच.डी. झालेल्या माणसाला तासावर पैसे मिळतात आणि माझ्यासारख्याला बसून राहण्याचेही मिळतात, हा वेगळा विषय आहे.) शासनाची मोडीची परीक्षा पास आहेत. मी त्यांची मुलाखत घ्यायची म्हणून प्रश्न लिहून नेले होते. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"काय सापडलं तर तुम्हाला आवडणार नाही?"

मी म्हटलं, "ताई, असं काही नाही, जे असेल ते असू दे." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात. घरी जाऊन विचार करा आणि लिहून पाठवा." मी लिहून पाठवलं: जमीन आमची नाही असं निघालं तर आवडणार नाही. त्यांनी उत्तर दिलं, "ठीक. आता काम करू."

पुढे एका पानाचा करार झाला, साध्या मराठीत. तो तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी असं काम करून घ्यायला निघालात तर मला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. लिप्यंतराचे पैसे पानावर, दप्तरात बसण्याचे दिवसावर, अहवालाचे वेगळे. 23 कागदांची पाठपोट धरून 41 पानं झाली. पानाला 300 म्हणजे 12,300. दप्तरातले सहा दिवस, दिवसाला 2,500, म्हणजे 15,000. अहवालाचे 5,000. प्रवास आणि प्रतींचे 1,700. एकूण 34,000. पैसे टप्प्याटप्प्याने, निष्कर्ष काहीही निघाला तरी तेवढेच. लिप्यंतर संपूर्ण मिळणार, न वाचता आलेली अक्षरं टिंबांनी दाखवणार, अंदाजाने भरणार नाहीत. दप्तरातल्या प्रत्येक कागदाचा विभाग आणि रुमाल क्रमांक देणार, म्हणजे उद्या दुसरा कुणीही जाऊन तोच कागद काढून ताडून बघू शकेल. आणि शेवटची अट त्यांची: अहवाल वापरायचा तर पूर्ण वापरायचा.

मला त्यांनी सगळ्यात आधी फोटो परत काढायला लावले. मी कागदांची फक्त पुढची बाजू काढली होती. पहिल्या गृहस्थांनीही तेवढंच मागितलं होतं. ताई म्हणाल्या, "मोडी कागदाची पाठ आधी बघायची." पाठीवर शेरे असतात, कागद कुठे कुठे फिरला त्याच्या नोंदी असतात. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असतो आणि मागे सांध्यावर शिक्का असतो, मधला तुकडा कुणी बदलू नये म्हणून. तेव्हाचं चेकसमच म्हणा. लॅमिनेट केलेला कागद बघून मात्र त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तो टेबलावर उलटा ठेवला. पाठीवरचा शेरा वाकलेल्या प्लास्टिकच्या चकाकीखाली गेला होता. तो कागद आता सोडवता येईल की नाही हे कागद जतन करणारा तज्ज्ञच सांगेल. तुमच्या घरी असं काही असेल तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा आणि दिवसाच्या उजेडात पाठपोट फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

दोन महिन्यांनी लिप्यंतर आलं. त्यातला एक भाग मी घरी मोठ्याने वाचत होतो. कागदाच्या सुरुवातीला सन दिला होता: सलास समानीन मया व अलफ. मला वाटलं कुणाची तरी नावं आहेत. अम्मी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अरे, ये तो गिनती है." सूरह कद्र पाठ असणाऱ्या कुणालाही अलफ म्हणजे हजार हे माहीत असतं. सलास तीन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. 1183. हा सुहूर सन. मराठ्यांच्या दप्तरात सरसकट वापरला जायचा, आकडे अरबी आणि लिपी मोडी. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतं. 1183 म्हणजे 1782-83. सवाई माधवरावांचा काळ.

मग 1672 कुठून आलं? ताईंनी दोन मिनिटांत उलगडलं. पहिल्या गृहस्थांनी 'मया' सोडला, म्हणजे शंभर वर्षं गेली, उरले 1083. ते त्यांनी हिजरी धरलं. हिजरी 1083 बरोबर 1672 मध्ये सुरू होतं. आदिलशाही अजून शिल्लक होती, वाई प्रांत हाताशी होता, सरदार तयार झाला.

आणि सरदार मनसूर? मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि खाली अक्षरं सलग. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कागदात जागोजाग होतं, 'मौजे मजकूर', 'मौजे मजकूर'. म्हणजे सदरहू गाव, वर सांगितलेलं गाव. मजकूरच्या चार अक्षरांतली मधली दोन त्यांनी चुकीची वाचली आणि मनसूर झाला. नऊ पिढ्यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याला आमचे मूळपुरुष म्हणून 'सदरहू' बसले होते.

हसलात ते बरं केलंत. आमच्या घरी कुणी हसलं नाही.

आता त्या कागदात काय होतं ते. पाव चावर जमीन, म्हणजे तीस बिघे, मौजे मजकूर येथील पीराच्या तेलबत्तीसाठी आणि उरुसासाठी पेशजीपासून चालत आली आहे, ती पुढे चालवावी, अशी आज्ञा. आमच्या पूर्वजाचं नाव त्यात आहे, पण मुजावर म्हणून, सेवा करणारा म्हणून. मी लगेच विचारलं, "पेशजीपासून म्हणजे कधीपासून? आदिलशाहीपासून असू शकेल ना?" ताई म्हणाल्या, "असू शकेल. नसूही शकेल. कागद एवढंच म्हणतो की आधीपासून." पीरांची, मशिदींची दिवाबत्ती आधीच्या राजवटीप्रमाणे पुढे चालवल्याचा उल्लेख सभासद बखरीतही आहे, तेव्हा प्रथा जुनीच. पण प्रथा जुनी म्हणून आमचं इनाम तितकं जुनं ठरत नाही. त्यांच्या अहवालात तीन रकाने होते: कागदात आहे, कागदावरून अनुमान, माहीत नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब होता. 34,000 रुपये देऊन मी दोन पानं 'माहीत नाही' विकत घेतलं. आज मला ती दोन पानं सगळ्यात मोलाची वाटतात, पण त्या दिवशी वाटली नव्हती.

तेलबत्तीच्या कागदावर बडे अब्बांनी वाद घातला असता आणि थोडाफार टिकलाही असता. पण पुढे दप्तरातलं सापडलं. सहा दिवसांपैकी पाच दिवस काहीच मिळालं नाही. सहाव्या दिवशी इनाम चौकशीच्या कागदांत आमच्या गावची कैफियत निघाली, 1850च्या दशकातली. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं होतं आणि नवं सरकार सगळ्यांना विचारत होतं. कैफियत देणारी एक बाई आहे. मयत मुजावराची बायको, मुलगा लहान. तिला विचारलंय, ही जमीन तुमच्याकडे कशी? ती सांगते, जमीन पीराची आहे. आम्ही झाडलोट करतो, दिवा लावतो, उरूस करतो, वाटसरूला भाकरी देतो. त्यातून उरेल ते आम्ही खातो. खाली सही नाही, निशाणी आहे. कुणबी लोक नांगराची निशाणी करायचे तशी बायांची बांगडीची. कागदाच्या तळाशी एक वेडंवाकडं वर्तुळ.

नऊ पिढ्यांच्या सोनेरी वंशवृक्षात एकही बाई नव्हती. आणि आमच्या घराण्यातलं सगळ्यात स्पष्ट बोलणं सापडलं ते एका बाईचं.

बडे अब्बांनी अहवाल दोनदा ऐकला. मग म्हणाले, "पैसे अपने, और रपट उनकी?" थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, "बाकी राहू दे. ते एक पान काढायला सांग."

इथे मला कबूल करायचंय. मी त्यांना नाही म्हटलं नाही. मोबदल्याची रक्कम लहान नव्हती. बडे अब्बांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मी स्वतःला समजावलं की आपण खोटं काही लिहीत नाही, एक कागद जोडत नाही एवढंच. आणि ताईंना फोन केला. फार सभ्य शब्दांत विचारलं, "ती कैफियत परिशिष्टातून वगळता येईल का?"

त्या म्हणाल्या, "येईल. मग माझं नावही वगळा. अहवालाचे पाच हजार आजच परत पाठवते. कागद मात्र दप्तरात तसाच राहील. रुमाल क्रमांक मी कुणी विचारला तर सांगणार. आणि तुम्ही मला पहिल्या दिवशी काय लिहून पाठवलं होतं ते एकदा उघडून वाचा."

मी ते उघडून वाचलं.

पैसे परत घेतले नाहीत. अहवाल पूर्ण राहिला. त्याची एक प्रत मी जमातीच्या लोकांना दिली, बडे अब्बांना आधी सांगून. ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. ईदला गेलो तर सलामाचं उत्तर द्यायचे आणि उठून जायचे. मोबदल्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही. एवढं सांगतो की आता दोन्ही बाजूंच्या समोर एकच कागद असतो आणि भांडण निदान त्या कागदावर होतं.

2025च्या जूनमध्ये उम्मीद पोर्टल सुरू झालं तेव्हा गावोगावचे मुतवल्ली कागद शोधत धावताना तुम्ही पाहिले असतील. कायद्याबद्दल इथे प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. पण ज्या कागदांवरून रस्त्यावर, टीव्हीवर भांडणं चालतात ते वाचलेत किती जणांनी? विरोध करणाऱ्यांनी नाही आणि बाजू घेणाऱ्यांनीही नाही. आपल्याच ट्रंकेतले कागद आपण वाचलेले नाहीत.

यात आपल्या मुलांचा एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. मोडी अक्षरं दोन-तीन महिन्यांत बसतात. अडतं ते शब्दांवर. दुमाला, कैफियत, फारखत, पेशजी, मजकूर, वसूल, बाकी. मराठी वर्गातली पोरं हे शब्द पाठ करतात. घरी उर्दू ऐकलेल्याला त्यातले निम्मे ओळखीचे निघतात. उलट माधव ज्युलियनांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश काढला, ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी कागद वाचून मराठीत आणले. त्यांच्या घरात ही भाषा नव्हती, ती त्यांनी मेहनतीने मिळवली. आपल्याकडे उर्दू येणारा मराठी शाळेतून सुटतो, मराठी येणाऱ्याला उर्दू लिपी येत नाही आणि मोडी दोघांनाही येत नाही. मी स्वतः आता रविवारी मोडीच्या वर्गाला जातो. वय वर्षं छत्तीस, शेजारी अकरावीतली मुलगी बसते आणि माझ्यापेक्षा वेगाने वाचते.

माणूस नेमायचा असेल तर आणखी एक युक्ती सांगतो, ती ताईंनीच शिकवली. एखाद्या छापील संग्रहातल्या मोडी कागदाचं चित्र घ्या, ज्याचं वाचन आपल्याकडे आहे. ते समोरच्याला द्या. बरोबर वाचलं की नाही हे बघाच, पण न कळलेल्या जागी तो काय करतो हे जास्त बघा. टिंब देतो की गोष्ट रचतो? आमच्या पहिल्या गृहस्थांवर मी रागावलेलो नाही. त्यांनी मला हवं ते दिलं. मागणी माझीच होती.

फुफीचं राहिलंच. तिला अहवालातलं जमिनीचं काही कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. तिने फक्त त्या निशाणीचा फोटो मागितला आणि बराच वेळ मोबाइलवर मोठा करून बघत बसली. मग म्हणाली, "हाथ काँप रहा होगा उसका." त्या बाईचं नाव कागदात आहे. बडे अब्बांनी ते सभेत घेऊ नको म्हटलंय, म्हणून घेत नाही.

फ्रेम अजून भिंतीवर आहे. मी काढा म्हटलं नाही. गेल्या ईदला मात्र बडे अब्बांनी मला हाक मारून बसवलं आणि लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. म्हणाले, "वर शिक्का आहे त्यात काय लिहिलंय, ते त्या बाईंनी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, त्यांना फारसी येत नाही आणि तसं त्यांनी अहवालात लिहिलंय, तिसऱ्या रकान्यात. "मग येणारा शोध," म्हणाले. "इस बार पैसे मैं दूँगा."

तर मी सध्या शोधतोय. शिकस्ता हाताचा, थोडा झिजलेला शिक्का आहे, वर प्लास्टिक. फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, पाठपोट. तुमच्यापैकी कुणाला फारसी शिक्के वाचता येत असतील, किंवा वाचणारं कुणी माहीत असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा.